घराला शोभेल असा कुत्रा

"तुमच्याकडे माणसं कसली येतात ते आधी सांगा. कुत्रा त्यावर ठरतो," फर्नांडिस म्हणाला. तो रेल्वेतला निवृत्त गार्ड. कल्याणला स्टेशनामागच्या परसात कुत्री वाढवायचा, शिकवायचा आणि विकायचा.

परशुरामशेटनं विचार केला. ठाण्याच्या खाडीकाठची बापाची जमीन कारखान्याला विकून त्यानं तिथंच उरलेल्या तुकड्यावर दुमजली बंगला बांधला होता. कारखान्याचे मॅनेजर आता चहाला येऊ लागले होते. गावची माणसंही यायची, उघड्या अंगानं, चिखलाच्या पायांनी, आणि थेट ओटीवर चढून बसायची.

"माणसं फार येत असतील तर हा घ्या," फर्नांडिसनं लांब कानांचं एक गरीब जनावर दाखवलं. "सगळ्यांचे पाय चाटतो."

"सगळ्यांचे नकोत."

मग आल्सेशियन ठरला. नाव मेजर. बूटवाल्याला वाट द्यायची, बाकीच्यांना फाटकावरच अडवायचं. फर्नांडिस म्हणाला, "एक महिना ठेवून जा. आणि ज्याला आत घ्यायचं नाही त्याच्या अंगावरचं कापड आणून द्या. बाहुल्याला गुंडाळून कुत्रा त्याच्यावर सोडतो."

असं कापड मागायचं कुणाकडं? परशुराम बापाच्या झोपडीत गेला. म्हातारा काळुराम मिठागरावर गेला होता. वळणीवर त्याचा जुना रुमाल वाळत होता, खाडीच्या पाण्यानं कडक झालेला. कमरेला गुंडाळायचं दोन हात लांबीचं फडकं ते. परशुरामनं ते पिशवीत घातलं. बापाचंच म्हणून नव्हे, हाती लागलं म्हणून, असं त्यानं स्वतःला सांगितलं.

मेजर घरी आला आणि बंगल्याला बंगल्याची कळा आली. त्याला खायला मोलकरीण मालन घालायची. परशुरामनं त्याला कधी हात लावला नाही, पाहुण्यांना दाखवला मात्र रोज. मालनला त्यानं एक वाक्य पढवून ठेवलं होतं. कुत्रा फाटकावर भुंकला की पडदासुद्धा सारायचा नाही, आतूनच तेवढं सांगायचं.

काळुराम वर्षभरात चारदा आला. शेवटी आला तेव्हा अंगात ताप होता. मेजर फाटकावर पाय टाकून गरजत होता. म्हातारा त्याच्या वरताण ओरडून म्हणाला, "परश्या घरान हाय का? एक रात निजतंय आनि जातंय."

परशुराम माडीवर होता. मॅनेजरसाहेबांच्या कपात चहा ओतत होता. त्यानं ऐकलं. चहा सांडला नाही.

मालननं आतून वाक्य म्हटलं. म्हातारा थोडा वेळ फाटकाबाहेर टेकला, मग गेला. आठव्या दिवशी वारला.

दहाव्याला खाडीवर सगळा गाव जमला. परशुरामच्या डोक्याचे केस गेले, मिशी गेली. पिंड ठेवला. झाडावर कावळे होते, पण एकही खाली उतरेना. ऊन चढलं. एका म्हाताऱ्यानं हळूच म्हटलं, "परश्या, त्याची विच्छा ठावी हाय तुला. सबूद दे आनि मोकला कर त्याला."

काय इच्छा होती ते सगळ्यांनाच ठाऊक होतं; म्हातारा दर वेळी फाटकावरूनच परतला होता. कुत्रा काढतो, एवढंच म्हणायचं होतं. जीभ उचलत नव्हती असंही नाही. पण चार वाजता मॅनेजरसाहेब भेटायला यायचे होते आणि मेजर त्यांना फार आवडायचा.

"दर्भाचा कावळा करा," परशुराम म्हणाला. "उशीर होतोय."

दर्भाचा कावळा पिंडाला लावला. बायको तुळसा झोपडीत बायकांबरोबर राहिली. परशुराम एकटाच बंगल्याकडे निघाला. कोट, बूट, सगळं बंगल्यातच होतं. अंगावर खाडीत बुडवलेला पंचा तेवढा. पाय गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेले.

त्यानं फाटकाला हात घातला आणि मेजर अंगावर आला. बोटं थोडक्यात वाचली.

"मेजर," तो म्हणाला. आवाज ओळखू येईना; रडून नव्हे, गार पाण्यात उभं राहून घसा बसला होता. कुत्र्यानं एकदा हुंगलं. फर्नांडिसनं महिनाभर हुंगवलेला तोच खारट वास होता. मग तो असा पिसाळला की फाटकाची कडी खडखडू लागली.

दूर वळणावर मोटारीचा हॉर्न वाजला. परशुराम जीव तोडून ओरडला, "कवार खोला कुनी. मी हाय, परश्या."

इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडात बापाची बोली आली होती. आत भांड्यांचा आवाज थांबला. पडदा हलला नाही. नेहमीसारखा, पाठ केलेला मालनचा आवाज तेवढा बाहेर आला.

"शेट घरात नाहीत, बाबा. उद्या या."