पापणीचा केस

"यामिनी, आलं बरं का छापून! पहिलं नाव तुझंच." सबनीस सरांनी शोधनिबंध आणि पेढ्यांचा बॉक्स माझ्या टेबलावर ठेवला.

मासोळीच्या गर्भात कोणत्या पेशींनी डावीकडे वळून हृदय व्हायचं, हे एक जीन ठरवतो, असं सरांचं म्हणणं. तो जीन मी बंद करून पाहिला. तरी प्रत्येक गर्भात हृदय डावीकडेच राहिलं. सरांनी निबंधात लावलेल्या फोटोत मात्र ते चक्क उजवीकडे होतं.

गर्भ हलू नये म्हणून मी काडीला चिकटवलेल्या पापणीच्या केसाने तो धरून ठेवते. फोटोत तो केसही उजवीकडूनच आला होता.

"सर, माझाच फोटो उलटा करून लावलाय हा."

"काहीतरीच! उजव्या हाताने धरलं असशील तेव्हा."

मी डावखुरी. पहिल्या दिवशी माझी तारांबळ बघून सगळे हसले, तेव्हा मायक्रोस्कोपपासून काडीपर्यंत सगळं डावीकडे मांडून दिलं होतं ते याच सरांनी.



"पेढा घे," म्हणत त्यांनी बॉक्स सरकवला. नेहमीसारखा, माझ्या डाव्या हाताशी.