ब्रेकची हवा

"नंदा, बाहेर ये जरा. पाय हवाय," सहदेवने हाक मारली, तेव्हा नंदा पैठणी नेसून, केसात गजरा माळून लग्नाला निघायच्या तयारीत होती.

पाय हवाय म्हणजे काय, हे त्या घरात समजवावं लागत नसे. कोपरीतल्या त्यांच्या बैठ्या घरापुढे, पत्र्याच्या शेडखाली, सहदेवची एमजी उभी होती. जुनी इंग्रजी गाडी, उघडी, दोनच माणसांची. भंगारात निघालेली ही गाडी त्याने एकेक नट खोलून, घासून, परत बसवून माणसात आणली होती. सगळं काम एकट्याचं. फक्त ब्रेकमधली हवा काढायला दुसरं माणूस लागतं. एकाने चाकामागचा बोल्ट सैल करायचा, दुसऱ्याने आत बसून पॅडल दाबायचं. ते दुसरं माणूस म्हणजे कायम नंदा. गाडीत ती बसली ती एवढ्यापुरतीच. बायकोला फिरवून आणावं असं काही सहदेवच्या डोक्यात आलं नव्हतं.

आज घोडबंदर रोडच्या एका हॉलमध्ये कृतिकाचं लग्न होतं. मुलगा जातीतला नाही म्हणून सहदेवने कित्येक महिने लेकीशी अबोला धरला होता. लग्नाला येणार की नाही, याचाही पत्ता लागू देत नव्हता. शेवटी कन्यादान मामाने करायचं ठरलं. पण पाठवणी बाबांच्याच गाडीतून, हा कृतिकाचा हट्ट. ती शाळेत असताना त्यानेच तसा शब्द दिला होता, आणि सहदेव दिलेला शब्द फिरवत नाही, हे तो स्वतःच चारचौघांत छाती काढून सांगायचा. आज ऋतुराज, थोरला मुलगा, गाडी न्यायला येणार होता. त्याला सहदेव हो म्हणाला नव्हता, नाही पण म्हणाला नव्हता.

आणि आता हा माणूस सकाळी उठून थेट गाडीखाली! म्हणजे गाडी तरी देणार. नंदाचा जीव भांड्यात पडला. पैठणी वर खोचून, चपला बाहेर काढून ती आत शिरली.

"मार," सहदेव मागच्या चाकापासून म्हणाला. तिने तीनदा पॅडल मारलं.

"धर." तिने दाबून धरलं. नळीतून हवेबरोबर ब्रेकचं ऑइल बाटलीत उतरल्याचा आवाज आला.

"सोड."

दुसऱ्या चाकाला तिचा मोबाइल वाजला. कृतिका होती.

"आई, निघालीस का गं? आणि... बाबा?"

"बाबा गाडीखाली आहेत. ब्रेकची हवा काढतायत. मी पॅडलवर बसलेय."

पलीकडून एकदम हुंदका आला.

"मला माहीत होतं. बोलणार नाहीत, पण करतील. आई, माझा मेकअप जाणार आता."

"रडू नकोस गं, वेडे," असं म्हणताना नंदाचेच डोळे भरले. फोन ठेवून ती मोठ्याने म्हणाली, "अहो, ऐकलंत का? पोरगी रडतेय तिकडे. आनंदाने हो!"

"मार," सहदेव म्हणाला.

एरवी तिने चार शब्द सुनावले असते. आज तिला त्याचा रागसुद्धा येईना. करतोय ना लेकीसाठी, मग नाही बोलला तरी चालेल. तिसरं चाक झालं, चौथं सुरू झालं. तिचं मन हॉलवर जाऊन पोचलं होतं. पायाला मात्र काहीतरी वेगळं लागत होतं. हवा निघत गेली की पॅडल घट्ट होत जायचं. आज ते मऊ पडत चाललं होतं.

"अहो, पॅडल खालीच जातंय."

"जाऊ दे. मार."

तिने मारलं. पॅडल तळाच्या पत्र्याला जाऊन टेकलं. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, आज सहदेव एकदाही उठून पुढे आला नव्हता. दर चाकानंतर बॉनेट उघडून नवं ऑइल ओतावं लागतं. नाही ओतलं तर होतं नव्हतं ते निघून जातं आणि गाडीला ब्रेकच राहत नाहीत. इतक्या वर्षांत तो हे कधी विसरला नव्हता, आणि आजही विसरला नव्हता.

"हे काय केलंत हो?"

सहदेव चाकाशेजारून उठला. हातातली बाटली गळ्यापर्यंत भरली होती.

"काय केलं? ब्रेक नसलेली गाडी कोणाच्या लेकीला देतात का? उद्या कोणी म्हणायला नको, सहदेवने शब्द फिरवला."

परत ऑइल भरून चारी चाकांची हवा काढायची तर पाठवणीची वेळ टळली असती, आणि ते त्याच्याशिवाय घरात कोणाला जमत नव्हतं. येत नाही, गाडीही देत नाही, असं तोंडावर सांगितलं असतं तर नंदाने दोन दिवस रडून तेही गिळलं असतं. पण याने तिलाच बसवलं. तिच्याच तोंडून लेकीला आशा लावली. तिला स्वतःच्या पायाची किळस आली, आणि तरी तो पॅडलवरून उचलायचं तिला सुचेना.

फाटक वाजलं. दोन्ही हातांत झेंडूच्या माळा घेऊन ऋतुराज आत आला. आईला गाडीत बसलेली बघून तो हसला.

"बाबा, कृतिका सगळ्या हॉलला सांगत सुटलीये! झाली ना गाडी?"

सहदेवने फडक्याला हात पुसले आणि घराकडे वळला.

"आईला विचार," जाता जाता तो म्हणाला. "ब्रेक तिनेच दाबलेत."