शेवटची शस्त्रपूजा

स्टुटगार्टच्या नेमबाजी क्लबात नागेशराव सकाळपासून येरझाऱ्या घालत होते. टेबलावर त्यांचं जड रिव्हॉल्व्हर होतं. प्रत्येक गोळीआधी त्याचा घोडा अंगठ्यानं मागे ओढावा लागे, आणि संधिवातानं अंगठाच संपावर गेलेला. नियमित नेमबाजी थांबली तर परवानाही जाणार. म्हणून क्लबातला मित्र डीटर बदल्यात आपलं हलकं पिस्तूल देत होता. “आल्झो, तर मग नागेश, ठरलं ना?” त्यानं तिसऱ्यांदा विचारलं. नागेशरावांनी हात पुढे केला, पुन्हा मागे घेतला. दसरा म्हणून त्यांच्या पत्नी यमुनाबाई रिव्हॉल्व्हरची शेवटची शस्त्रपूजा करायला आल्या होत्या. मुठीला कुंकू लावून म्हणाल्या, “अहो, देण्याआधी एकदा मला उडवू द्या.” प्रशिक्षक शेजारी उभा राहिला. चाळीस वर्षं कणीक मळलेल्या हातानं त्यांनी घोडा सहज ओढला. बार झाला. “डीटरभाऊजी, तुमचं पिस्तूल तुमच्याकडेच ठेवा,” यमुनाबाई म्हणाल्या, “आणि माझ्यासाठी सदस्य व्हायचा फॉर्म आणा. हे आता मी चालवीन.”