दोराला हात

पुंडलिकने किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीच्या जाळ्याच्या दोराला हात घातला आणि बाबल तांडेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सोड तो दोर!" तो ओरडला.

सख्खा धाकटा भाऊ. चार वर्षांपूर्वी रापण सोडून यानेच ट्रॉलर घेतला, आणि बंदी असतानाही किनाऱ्याला खेटून गाभोळीने, अंड्यांनी भरलेली मासळीसुद्धा खरवडून नेली. गावाने हात जोडले, तेव्हा हा केबिनमध्ये बसून हसला होता. आता ट्रॉलर खडकावर फुटला, म्हणून ऐन शिमग्याच्या तोंडावर इथे उभा, मान खाली घालून.

"दोराक जेना हात लावल्यान, तेका वाटो," पुंडलिक पुटपुटला. "बाबाच सांगायचे मां, दादा?"

बाबलने दातओठ खाल्ले. बापाची रीत मोडली, तर उद्यापासून ती रापण कसली? त्याने पुन्हा दोर खांद्यावर घेतला.

चाळीस माणसं दोन तास ओढत होती. काथ्याने तळहात सोलून निघाले. जाळं वाळूवर आलं, तेव्हा आत नुसतं शेवाळ, आणि तळाशी जेमतेम पाटीभर बांगडे. माणशी दोन-दोन आले.

बाबलने पुंडलिकच्या पायाशी त्याचे दोन आपटले. मग आपल्या वाट्याचेही दोन आपटले.

"घे, हे पण घे! आणि एवढा सांग माका. आख्खो दर्या खरवडलंस, मगे हे चार कशे रवले रे?"