बिनटाक्याचं दुखणं

"किल्ली द्या जरा," काका म्हणाले.

"परत? आत्ताच तर जाऊन आलात!" शेठ एवढ्या मोठ्यानं बोलला, की काउंटरशी उभ्या असलेल्या शिंपीणबाईंनी उगाचच बटणांच्या डब्यात डोकं घातलं.

संडासाची किल्ली गल्ल्यामागच्या खिळ्याला टांगलेली असायची. नोकराला जायचं तर आधी मालकापुढे हात पसरायचा, मग जायचं. थोरल्या शेठपासूनची ही रीत. मुलानं बापाचं दुसरं काही घेतलं नाही, एवढं मात्र नेमानं चालवलं होतं.

काका जाऊन आले. गेल्याच आठवड्यात त्यांची वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी लेझरनं आतल्या आत खरवडून काढली होती. लघवीसाठी घातलेली नळी निघाली, आग मात्र राहिली, आणि एकदा लागली की क्षणभर दम धरवत नव्हता. महिनाभर जड उचलायचं नाही, शिडी चढायची नाही, पाणी भरपूर प्यायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. खरं तर त्यांनी घरी पडून राहायचं. पण शेठनं फोनवर लोणी लावलं होतं. "काका, लग्नाचा हंगाम आहे. तुम्ही नुसते खुर्चीत बसा आणि रंग सांगा. इकडची काडी तिकडे करायची नाही." काकांनी ते खरं मानलं. काकूंनी निघताना पाण्याची बाटली हातात दिली आणि ती रिकामी करूनच घरी यायचं, असा दम भरला.

मॅचिंगच्या त्या दुकानात खुर्ची होती. तिच्यावर सकाळपासून दोऱ्यांची खोकी बसली होती.

"याला अस्तर हवंय," शिंपीणबाईंनी मोरपंखी कापडाचा तुकडा पुढे केला. "पण जाड. झिरझिरीत नको."

काकांनी तुकडा दारातल्या उजेडात धरला. "आहे. वरच्या फळीवर, कोपऱ्यातला तागा."

"मग काढा की," शेठ मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला.

"मला शिडी चढायची नाही. सांगितलं होतं तुम्हाला."

"अहो, लेझर तर होतं! तुम्हीच म्हणाला होतात ना, टाका नाही, फाडाफाडी नाही, गेलो की आलो?"

म्हणाले होते खरे. रजा मागताना दुखणं नेमकं कुठलं ते सांगायची लाज वाटली, म्हणून काकांनीच ते किरकोळ करून सांगितलं होतं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! पण याच शेठचं अपेंडिक्स काढलं होतं, तेव्हा हा महिनाभर घरी लोळला होता आणि परत आल्यावर येईल त्या गिऱ्हाइकाला शर्ट वर करून टाके दाखवत होता. तेव्हा दुकान कोणी ओढलं? काकांनीच. याच फळ्या, हीच शिडी. त्याला टाके होते म्हणून ते ऑपरेशन, आणि यांना दाखवायला काही नाही म्हणून ही मौज? काकांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"राहू द्या, मी उद्या येते," शिंपीणबाई म्हणाल्या.

"उद्या कशाला? सवय आहे त्यांना," शेठ हसला. मग आवाज खाली आणून काकांना म्हणाला, "जमत नसेल तर तसं सांगा काका. माणसं खूप मिळतात."

काका शिडी चढले. तागा फळीत घट्ट बसला होता. तो ओढताना पोटाच्या तळाशी काहीतरी चरकन ताणलं गेलं. तागा खांद्यावर घेऊन ते एकेक पायरी उतरले, अस्तर मोजलं, कापलं, घडी केली. बाटलीतलं उरलेलं पाणी घशात ओतलं आणि पुन्हा हात पुढे केला.

"आता काय, गळ्यातच बांधू किल्ली तुमच्या?" शेठ म्हणाला.

आत गेल्यावर काकांनी खाली पाहिलं. रंगात उभी हयात गेलेला माणूस. भीती वाटायच्याही आधी मनात रंगाचं नाव आलं. डाळिंबी. मग भीती वाटली, आणि भीतीच्या पाठोपाठ असा संताप आला, की हातातली रिकामी बाटली त्यांनी धारेखाली धरली.

बाहेर येऊन त्यांनी किल्ली शेठला दिली नाही, स्वतःच्या खिशात टाकली. बाटली टोपण लावून, पुसून, काउंटरवर ताग्याशेजारी ठेवली. गिऱ्हाइकाचा नमुना ठेवत तशीच, उजेडात.

शेठ एकदम मागे सरकला. "हे... हे काय आहे, काका?"

"नमुना आहे," काका म्हणाले. त्यांचा आवाज दाराबाहेर ऐकू जाईल एवढा मोठा होता. "टाका नाही, फाडाफाडी नाही. मी निघालो दवाखान्यात. तोवर तुम्ही याला मॅचिंग काढून ठेवा. वरच्याच फळीवर असेल."

शेठनं शिंपीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी हातातली अस्तराची घडी खाली ठेवली होती आणि शिडीचे दोन्ही पाय घट्ट धरले होते.

"चढा शेठ," त्या म्हणाल्या. "मी धरलीय."