झोपवून काढलेला फोटो

पाम्फिलच्या बरगड्यांवर बायकोनं सूज उतरायला कोबीची पानं बांधली होती. डॉक्टर रुक्सांद्रानं ती सोडवली, त्याच्या पाठीवर बोटं टेकवून ठोकून पाहिलं. उजवीकडे पोकळ आवाज आला. डावीकडे ठप्प, भरलेल्या पिंपासारखा. छातीत रक्त साठलं होतं.

"माफ करा हं, डॉक्टरीणबाई," पाम्फिल धापा टाकत म्हणाला. "परत तसदी देतोय. आडवं झालं की जीव घाबरतो."

"बोलू नका, काका."

काल लाकडं ओढणाऱ्या घोड्यानं लाथ घातली, तेव्हाही तो इथंच, गावच्या दवाखान्यात आला होता. "त्याला रविवारची सुट्टी हवी होती, मी दिली नाही," असं म्हणून हसायलाही गेला आणि कळवळला. बसवेना, म्हणून त्याला झोपवूनच छातीचा एक्स-रे फोटो काढायचं ठरलं.

"जरा धरून बसवूया का?" जुनी नर्स डोम्निका म्हणाली होती. "झोपवलं की आतलं रक्त पाठीमागं पसरतं. फोटोत दिसत नाही."

हे रुक्सांद्राला पाठ होतं. पण बाहेर वीस माणसांची रांग होती, आणि नर्सनं चारचौघांत शिकवलेलं तिला खपत नव्हतं. डॉक्टरीणबाई कामाला वाघ, फक्त नाकावर माशी बसू देत नसे. "दोन बरगड्या मोडल्यात. घरी पडून राहा," असं सांगून तिनं पुढच्याला आत बोलावलं.

आज डोम्निका न मागता एकेक वस्तू पुढं करत राहिली. काखेखाली, दोन बरगड्यांमधून नळी आत गेली आणि बाटलीत रक्त धो धो उतरलं. एक लिटर. दीड. तरी थांबेना.

"छाती उघडावी लागेल," रुक्सांद्रा म्हणाली. "इथं नाही जमायचं. जिल्ह्याला पाठवा."

जिल्ह्याचं इस्पितळ घाटापलीकडे, तासाभराच्या वाटेवर. काल पाठवला असता तर घोड्याला शिव्या घालत गेला असता. आता त्याचे ओठ राखाडी झाले होते. पाम्फिलला अँब्युलन्समध्ये चढवू लागले, तेव्हा रुक्सांद्राला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

व्हरांड्यात त्याच्या बायकोनं, सावेतानं, तिला गाठलं. हातात टोपली होती. टोपलीत पाय बांधलेली कोंबडी आणि आलुबुखाऱ्याच्या दारूची बाटली.

"सावेतामावशी, मला तुम्हाला काही सांगायचंय. काल माझी..."

"चूक माझीच," सावेता म्हणाली. "काल घाईघाईत त्याला रिकाम्या हातानं घेऊन आले. मग तुम्ही तरी नीट कशाला बघाल? रात्रभर स्वतःला कोसत होते."

"अहो, तसं नाही! खरंच तसं नाही." रुक्सांद्राचा आवाज फाटला. "हे घेऊन जा. मला नको."

सावेताचा चेहरा पांढराफटक पडला.

"घेत नाही तुम्ही?" ती हळूच म्हणाली. "म्हणजे तो वाचायचा नाही?"

ड्रायव्हर सावेताला हाका मारत होता. रुक्सांद्रानं दोन्ही हात पुढं केले आणि कोंबडी घेतली.