वहिनींची तब्येत

उर्मिलाचा ब्लॉग सगळीकडे पोचावा म्हणून नवऱ्याने, वीरेंद्रने, हौसेने सेटिंग करून दिलं होतं. तिने काही लिहिलं की ते त्याच्याही अकाउंटवर आपोआप शेअर व्हायचं.

तिने परळच्या हॉस्पिटलातून आपला रिपोर्ट आणला. तिची गाठ कॅन्सरची निघाली. हे त्याला तोंडाने सांगणं तिला जमेना, म्हणून तिने सकाळी ब्लॉगवर लिहिलं आणि त्याच्या फोनची वाट बघत बसली.

फोन संध्याकाळी आला.

"अगं, ऑफिसात सगळे मला धीर देतायत. वहिनींना जपा म्हणतायत. काय झालंय तुला?"

"लिहिलंय मी. सकाळपासून तुझ्याच अकाउंटवर आहे."

"हो गं, पण एवढं मोठं कधी वाचत बसू? दोन वाक्यांत सांग ना."